कंडक्टरबाईचं तिसरं बोट

एसटीच्या कंडक्टरला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. रोज एवढी माणसं चढतात, उतरतात आणि प्रत्येक जण काही ना काही गाडीत सोडून जातो. कुणी छत्री, कुणी डबा, कुणी अर्धवट राहिलेलं भांडण. चौदा वर्षं झाली मला हदगावच्या डेपोत. रेस्ट रूममध्ये चहा आला की दुसऱ्याची फजिती सांगण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. आमचे सिनिअर ड्रायव्हर शेख मामा नेहमी म्हणायचे, "बाई, कधी सोताची पण सांगत जा की." पण सांगायला सोताची अशी नव्हतीच काही. मग मागच्या उन्हाळ्यात बारा दिवसांची रजा टाकली, लेकीला घेतलं आणि लातूरला व्हायोलिनच्या शिबिराला गेले. तिथून एवढा माल घेऊन आले की अजून संपून राहिला नाही.

* * *

सुरुवात गाडीतच झाली. माझी लेक प्रांजल, वय वर्षं सात, सुट्टी लागली म्हणून दोन दिवस लातूरला आत्याकडं चालली होती, माझ्याच गाडीनं. नांदेडला एक म्हातारे गृहस्थ चढले. पांढरा शर्ट, काखेत लांबट काळी पेटी. गाडी खच्चून भरलेली. मी सवयीनं ओरडले, पेटी वर ठेवा. ते म्हणाले, वर नको. मग सीटखाली सरकवा. खाली पण नको. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसले.

"काका, लेकरू हाय का त्यात?" मी म्हणाले. "असंल तर हाफ काढावं लागंल."

सगळी गाडी हसली. मला वाटलं, आज आपण लई फॉर्मात हाव.

त्या गृहस्थांनी पेटी उघडली आणि आतल्या व्हायोलिनच्या तारेवर नुसतं बोट फिरवलं. झालं. प्रांजल खिडकीची जागा सोडून उठली आणि लातूर येईपर्यंत त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. खिडकीसाठी रडून गाडी डोक्यावर घेणारी पोरगी ही. ते निघाले सरवदे सर. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले, दर उन्हाळ्यात लहान मुलांचं शिबिर घेणारे. उतरताना मला म्हणाले, "लेकीला आणा. पण तुम्ही पण यायचं."

येते की, म्हणाले मी, बसते कोपऱ्यात.

"कोपऱ्यात न्हाई," सर म्हणाले. याचा अर्थ तेव्हा विचारायला पाहिजे होता, पण गाडीला आधीच पंधरा मिनिटं उशीर झाला होता.

* * *

लातुरात एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात बॅग घेऊन उतरलं की तुम्ही कशासाठी आलात हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीतच असतं, डॉक्टरकीच्या क्लाससाठी. ऑटोवाल्यानं मला थेट विचारलं, कोणत्या क्लासला सोडू? हॉस्टेल बघितलं का मेसपासून सुरुवात हाय?

मी म्हणाले, व्हायोलिनच्या शिबिराला जायचंय.

त्यानं आरशातून आधी माझ्याकडं बघितलं, मग प्रांजलकडं. मग विचारलं, त्यानं टक्केवारी वाढती का? मी म्हणाले, माहीत न्हाई बाप्पा. पुढं तो नुसता हॉर्न वाजवत राहिला. उतरताना मात्र त्याला राहवलं नाही. प्रांजलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बेटा, अजून येळ गेला न्हाई. बायलॉजी पक्कं कर." माझ्याकडं त्यानं असं बघितलं, जसं काही मी पोरीला रस्त्यात सोडून चालले.

* * *

सुट्टीमुळं रिकाम्या पडलेल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शिबिर होतं. बारा लेकरं आणि प्रत्येकाबरोबर एक आई नाहीतर एक बाप. आम्ही पालक लोक भिंतीला टेकून मोबाइल काढायच्या तयारीत होतो, तेवढ्यात सरांनी एकेका पालकाच्या मांडीवर व्हायोलिन ठेवलं. लेकरांना समोर सतरंजीवर बसवलं, रिकाम्या हातांनी.

पहिले तीन दिवस वाद्य फक्त मोठ्यांच्या हातात राहणार, लेकरांनी नुसतं बघायचं, असं त्यांनी सांगितलं. आमची तोंडं बघून मग कारण पण सांगितलं. "लेकरं आपल्याला शिकवताना बघतात, ओरडताना बघतात. शिकताना कधी बघतच न्हाईत. तीन दिवस त्यांनी तुमची फजिती बघायची. मग ती चुकायला भीत न्हाईत."

लेकरं एकदम खुशीत आली. आमचे चेहरे उतरले.

आता बसायचं कसं, तर मांडी घालून. व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर आणि बूड छातीला टेकवून. मी चौदा वर्षं उभ्यानं नोकरी केलेली बाई. खड्ड्याच्या रस्त्याला चालत्या गाडीत काही न धरता उभी राहते, एका हातात मशीन, एका हातात सुट्टे. पण जमिनीवर मांडी म्हणल्यावर दहा मिनिटांत उजव्या पायाला मुंग्या, विसाव्या मिनिटाला तो पाय माझा आहे का शेजारणीचा हेच कळंना. तेवढ्यात सर माझ्यासमोर आले. मोठं माणूस समोर आलं की उठून उभं राहायचं हे वळण लहानपणापासूनचं. मी उठले. पाय उठला नाही.

शेजारी उदगीरचे बिरादार बसले होते, भुसार मालाचे व्यापारी, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले. मी आडवी त्यांच्या अंगावर. व्हायोलिन मात्र मी दोन्ही हातांनी वर धरलं होतं, त्याला ओरखडा आला नाही. बिरादार दबले.

हॉलमध्ये सगळे खो खो हसून राहिले. फक्त प्रांजल गंभीर. म्हणाली, "आई, ड्युटीवर तर तू कधी पडत न्हाईस."

* * *

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, मी व्हायोलिनच्या पेटीवर बोटानं एकदा ठोकलं की वाजवायला लागायचं, दोनदा ठोकलं की थांबायचं. सोपं आहे. अकरा जणांना सोपं होतं.

कंडक्टरच्या डोक्यात एक बेल म्हणजे गाडी थांबली आणि दोन म्हणजे निघाली. हे माझ्या डोक्यात नाही, हाडात बसलेलं. सरांनी एकदा ठोकलं. अकरा व्हायोलिनं सुरू झाली आणि माझा गज हवेत गच्च थांबला. दोनदा ठोकलं. अकरा थांबली आणि मी एकटीच निघाले, ते पण टॉप गिअरमध्ये! सरांनी मला थांबवायला परत दोनदा ठोकलं. मी स्पीड वाढवला.

चार-पाच वेळा असं झाल्यावर सरांनी हात टेकले आणि मला खुणेनं सांगायचं ठरवलं. बाकीच्यांना ठोकून, कंडक्टरबाईंना मान हलवून. शेवटपर्यंत असंच चाललं.

* * *

बिरादारांचा भाचा लातुरातच शिकून मेडिकलला लागला होता. त्यामुळं लातुरात जे काही शिकवतात त्याला टेस्ट सिरीज असतीच, असं त्यांचं ठाम मत. तिसऱ्या दिवशी हात वर करून त्यांनी विचारलं, सर, नोट्स कधी देणार? आणि पहिली टेस्ट कधी?

सर म्हणाले, टेस्ट एकच, शेवटच्या दिवशी. शिबिरात सगळ्यांनी मिळून भूप रागातली एक छोटी चाल बसवायची. ती आई-बापानं आणि लेकरानं शेजारी बसून बरोबर वाजवायची. जमली तर लेकराच्या मापाचं लहान व्हायोलिन वर्षभर घरी न्यायला मिळणार. नाही जमली तर ते कपाटात, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

"जमली म्हणजे किती टक्के, सर?" बिरादार वहीत लिहून घेत होते.

"वाद्यं दोन असतील, मला एकच ऐकू आलं पाहिजे," सर म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी प्रांजलनं माझ्या फोनवरून बाबाला फोन लावला. टीव्हीच्या शेजारचा शोकेसचा मधला कप्पा रिकामा करायला सांगितला. किती लांबीचा पाहिजे ते पण सांगितलं, स्वतःचा हात मापून. ह्यांनी तासाभरात कप्पा रिकामा करून फोटो पाठवला. मी तो फोटो बघितला, चहाचा कप तसाच ठेवला आणि परत व्हायोलिन घेऊन बसले. कारण अडलं तर माझ्यामुळंच अडणार होतं, तिचं काही अडणार नव्हतं. नुसतं बघून बघून ती सगळे सूर बरोबर गुणगुणायला लागली होती.

* * *

रियाज आम्ही नणंदेच्या घरी करायचो. लातुरातलं उन्हाळ्यातलं पाणी तुम्हाला माहीत असेलच. नळ कधी येईल त्याचा नेम नाही, आणि यायच्या आधी पाइपातली हवा निघते. आधी कुईं, मग खर्रर्र, मग परत कुईं. त्या आवाजासाठी गल्लीतल्या बायांचे कान आठवडाभर टवकारलेले असतात.

पाचव्या दिवशी दुपारी मी खिडकीत बसून एकटीच गज ओढत होते. लांब, सावकाश, सरांनी सांगितलं तसा. जरा वेळानं बाहेर भांड्यांचा खडखडाट झाला. बघते तर गल्लीभर घागरी, बादल्या, टोपं, एका घरातून तर कूलरची टाकी पण बाहेर आली होती. मोटारी लागल्या. दोघींची नंबरावरून जुंपली. समोरच्या मावशी नळाला तोंड लावून ओरडून राहिल्या, आवाज येऊन राहिला पण पाणी कामून येईना?

मी वाजवायचं थांबवलं. आवाज पण थांबला. सगळ्यांनी हळूच आमच्या खिडकीकडं बघितलं.

संध्याकाळी नणंद मला म्हणाली, "वहिनी, रागावू नका, पण गल्लीतल्या बायांनी विचारलंय. तुमची वाजवायची एक येळ ठरवून द्या, म्हंजी आमचा घोटाळा व्हायचा न्हाई." नणंदेनं ती वेळ खडूनं दारावर लिहिली. खाली कुणीतरी लिहून गेलं, 'पाणी नाही.'

* * *

माझा खरा लोचा तिसऱ्या बोटात होता, म्हणजे करंगळीशेजारच्या; व्हायोलिनला अंगठा मोजत नाहीत. भूपात 'म' नसतो. सा, रे, ग, आणि मग 'म' गाळून सरळ 'प'. 'ग' ला दुसरं बोट ठेवलं की पुढचा 'प' शेजारच्या मोकळ्या तारेवर मिळतो, तिथं बोट लावायचंच नाही. पण तिकिटाच्या मशीनवर चौदा वर्षं एकामागं एक बोटं आपटलेली. पहिलं, दुसरं झालं की तिसरं आपोआप पडायचं, आणि जिथं 'प' पाहिजे तिथं 'म' लागायचा. तो पण खणखणीत. बाकी कुठं माझा सूर नीट लागायचा नाही, तेवढा एक 'म' मात्र सुरात!

प्रांजलनं चौथ्या दिवशी व्हायोलिन हातात घेतलं आणि त्याच दिवशी ती जागा बरोबर वाजवली. मग मला शिकवायला बसली. बोट धरून ठेव. उचल. आता सोड. आई, सोड म्हणलं की दाबतीस कामून? मी तिला गणितात असंच बोलते, शब्द पण तेच.

सहावा दिवस, सातवा, आठवा, दर वेळेला त्याच जागी माझा 'म'. नवव्या दिवशी मी पाणी प्यायला व्हरांड्यात गेले तर आतून प्रांजलचा आवाज आला. सरांशी एकटीच बोलत होती, अगदी हळू, नम्रपणानं. "सर, आईच्या जागी बाबाला बोलावलं तर चालंल का? त्यांनी कप्पा पण रिकामा केलाय."

सर म्हणाले, "व्हायोलिन बदलून मिळंल बाळा. आई न्हाई."

हे मी डेपोत सांगते तेव्हा सगळे हसतात, मी पण हसते. त्या दिवशी मात्र मी हातातला ग्लास तसाच धरून भिंतीआड उभी राहिले आणि मला लई वाईट वाटलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं म्हणून जास्तच. डेपोत आपल्या जागी कुणी रिझर्व्ह कंडक्टर मागितला तर आपण राग धरत नाही, तसंच हे, असं मनाला समजावलं. मन काही समजलं नाही.

त्या दिवसापासून मी चिकटपट्टी आणून तिसरं बोट करंगळीला बांधून टाकलं. पोळ्या लाटताना बांधलेलं, कपडे धुताना बांधलेलं. नणंदेनं विचारलं, लागलं का काही? म्हणाले, हाव, लागलंय. प्रांजलला पण तेच सांगितलं. ती आत्याबरोबर बाहेर गेली की पट्टी सोडायची आणि वाजवून बघायचं. अकराव्या दिवशी पहिल्यांदा 'ग' नंतर सरळ 'प' आला. माझाच माझ्यावर विश्वास बसंना. शेवटच्या दिवशी सकाळी अजून एकदा आला. मी ठरवलं, आता हे एकदम टेस्टलाच दाखवायचं.

* * *

शेवटच्या दिवशी बिरादार बापलेक आमच्या आधी बसले आणि पास झाले. त्यांनी लगेच विचारलं, कितीपैकी किती? सरांनी पुढचं नाव पुकारलं. आमचं.

शेजारी शेजारी बसलो. माझं मोठं व्हायोलिन, तिचं लहान. सरांनी माझ्यासाठी मान हलवली आणि तिच्यासाठी पेटीवर ठोकलं. निघालो. सा ठीक. रे ठीक. 'ग' वर दोघींचे गज बरोबर आले. आता ती जागा. मी दात ओठ खाऊन तिसरं बोट वर उचलून धरलं आणि गज शेजारच्या तारेवर नेला. 'प' लागला. स्वच्छ, मोकळा, सगळ्या हॉलला ऐकू गेला असा.

आणि त्याच क्षणाला शेजारून लागला 'म'.

खणखणीत. अगदी माझाच 'म'.

दोघींचे गज थांबले. प्रांजलनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच तिला फसवलं. बिरादारांनी पेन खाली ठेवला.

सर म्हणाले, "प्रांजल, तुझं तर चौथ्या दिवसापासून बरोबर येऊन राहिलं. आज काय झालं?"

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच होता, नीट समजावून सांगणारा. "आई तितं चुकतीच, सर. तिला एकटीला चुकू द्यायचं नव्हतं. म्हणून मी पण चुकले."

मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

सरांनी बराच वेळ मान खाली घालून गजाला राळ लावली. लावायची गरज नव्हती. मग म्हणाले, "एक डाव परत. पण आधी दोघी बाहेर जाऊन ठरवून या, कसं वाजवायचं ते."

आम्ही व्हरांड्यात गेलो. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. चिकटपट्टीचं सांगितलं, पोळ्यांचं सांगितलं. म्हणाले, आता मला येतंय गं, आता आपण बरोबरच वाजवू.

तिनं विचारलं, "किती येळा बरोबर आलं?"

"आत्ताचं धरून तीनदा."

"अन् चुकीचं?"

तिनं माझं तिसरं बोट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"मग चुकूच आपण," ती म्हणाली. "ते दोघींला पक्कं येतंय."

आत गेलो, बसलो. सरांनी मान हलवली आणि पेटीवर ठोकलं. सा, रे, ग. आणि मग माझं तिसरं बोट पडलं आणि तिचं पण पडलं, एकाच वेळेला, काडीचा फरक नाही. पुढची सगळी चाल आम्ही त्याच 'म' वरून गेलो आणि त्याच 'म' वरून परत आलो.

सर डोळे मिटून बसले होते. आमचं झालं तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"एकच ऐकू आलं," ते म्हणाले.